घोडी चंदी (दाणा) अर्धी टाकते, तंग (खोगिराचा पोटपट्टा) आवळताना चावायला येते. पोटात व्रण असेल का?

माथेरानची लेक
१४ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार. मी माथेरानची. घरी दोन घोडे आहेत, दोन्ही परवान्याचे. आजोबांपासून हाच धंदा. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, तिथून पर्यटकांना बाजारपेठेत न्यायचं, कुणी म्हणालं तर पुढे इको पॉइंट, शार्लोट लेक. बाबांचे गुडघे गेल्यापासून दोन वर्षं मी आणि धाकटा भाऊ मिळून सगळं बघतो.

मैना आमची नऊ वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी घोडी. सहा वर्षं आमच्याकडे आहे. लहान मूल बसवायचं असलं की इतर घोडेवालेसुद्धा म्हणायचे, मैनेवर बसवा. अशी घोडी दिवाळीपासून बदलली आहे, आणि ती आजारी आहे हे मला कुणाला पटवून देता येत नाही, कारण लंगडत नाही, ताप नाही, लीद नीट टाकते, बोलावलं की येते.

मला दिसतं ते सांगते. पूर्वी तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) बांधला की वीस मिनिटांत चंदी साफ. आता दोन घास खाते, थांबते, मान वर करून उभी राहते, परत खाते. तासाभराने तोबरा काढला तर तळाशी तीन-चार मुठी शिल्लक. पण गवत टाकलं तर गवत खाते. म्हणजे भूक आहे. मग चंदीच का नको?

तंग आवळताना कान मागे पाडते, मान वळवून पोटाकडे बघते. मागच्या महिन्यात भावाच्या कोपराला चावली. पोटाखालून खरारा फिरवला की मागचा पाय उचलते. ही घोडी आयुष्यात कुणावर पाय उचलणारी नव्हती. सकाळी सकाळी एकामागून एक जांभया देते, जबडा वाकडा करून. अंगावरचा तजेला गेलाय, खरारा कितीही करा, केस राठच.

दोनदा पोटात दुखलं. दोन्ही वेळा रविवारी संध्याकाळी, गर्दीचा दिवस संपल्यावर. पाय आपटत होती, खाली बसायला बघत होती. अर्धा-पाऊण तास फिरवली नि आपोआप थांबलं. डॉक्टर खालून येईपर्यंत ती गवत खात होती, त्यामुळे त्यांनाही काही सापडलं नाही.

दात बघून झाले, डिसेंबरात घासून घेतले. जंताचं औषध (आयव्हरमेक्टिन) दिलं. रक्त तपासलं, त्यात विशेष काही नाही.

वाडीतले लोक म्हणतात नखरे शिकली, काम नको आहे तिला. आजी म्हणते नजर लागली, तिने मीठ-मोहरी ओवाळूनही टाकली. एकांनी गोडं तेल पाजायला सांगितलं, ते पाजलं. मोबाइलवर वाचताना घोड्याच्या पोटात व्रण होतात असं वाचलं, आणि त्यात लिहिलेलं जवळजवळ सगळं मैनेला लागू पडतंय. पण वाचून वाटणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. हे कसं ओळखायचं? वरून काही खूण असते का? आम्ही डोंगरावर राहतो, तपासण्या करायला खाली उतरावं लागतं, आणि घोडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. तरी करायचं ते करेन. पण काय करायचं ते नीट समजून करायचं आहे.

पागेवाला
१४ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, खायचा सोडा दोन चमचे चंदीत टाका. आमच्या घोड्याला गुण आला होता. ॲसिडिटी असणार.

घोड्यांचा डॉक्टर
१५ जानेवारी, सकाळी ७:१५

ताई, तुम्ही ज्या बारकाईने लिहिलंय तसं मला समोर बसलेले मालक सांगत नाहीत. मी पुण्यात शर्यतीच्या घोड्यांवर अकरा वर्षं काम केलं, आता बाहेर प्रॅक्टिस करतो. न बघता निदान करणार नाही, पण तुमचा संशय अगदी रास्त आहे. का ते सांगतो.

माणसाचं पोट जेवण आलं की ॲसिड सोडतं. घोड्याचं पोट दिवसरात्र सोडत राहतं, आत काही असो वा नसो. कारण घोडा हा सोळा-सोळा तास चरणारा प्राणी. थोडं थोडं गवत सतत पोटात जात असतं, आणि चावताना तोंडात लाळ सुटते, ती ॲसिड मारते. आपल्याला जेवणाच्या वासानेही तोंडाला पाणी सुटतं, घोड्याला नाही. त्याची लाळ जबडा चालला तरच. चावणं थांबलं की लाळ थांबली, ॲसिड मात्र चालूच.

आता पोटाची रचना बघा. एवढ्या मोठ्या जनावराचं पोट जेमतेम ८ ते १५ लिटरचं. त्याचा खालचा भाग ॲसिड तयार करतो आणि स्वतःवर चिकट थर धरून स्वतःला सांभाळतो. वरच्या साधारण एक तृतीयांश भागाला असला थर नाही, तो अन्ननलिकेच्या आतल्या कातडीसारखा. गवत भरलेलं असलं की त्याची गादी ॲसिडवर तरंगते आणि वरचा भाग कोरडा राहतो. पोट रिकामं असताना घोडा दुडकी धावला की पोटावर दाब येतो, आतलं ॲसिड उसळून त्या उघड्या भागाला लागतं. रोज लागलं की सोलवटतं. म्हणून शर्यतीच्या घोड्यांत हा आजार इतका, की तालमीतल्या दहा घोड्यांच्या पोटात दुर्बीण घातली तर आठ-नऊ जणांत काही ना काही सापडतं. आणि त्यातले कितीतरी बाहेरून धडधाकट दिसतात.

तुम्ही लिहिलेल्या खुणांपैकी मला सगळ्यांत बोलकी वाटली ती ही, की चंदी टाकते पण गवत खाते. दाण्यातला स्टार्च पोटात आंबतो, त्याने जळजळ वाढते. गवत चावलं की लाळ जाऊन बरं वाटतं. घोडीला ते कळतं. दाताचं दुखणं असतं तर तिने उलट गवत टाकलं असतं, नाहीतर त्याचे बोळे करून थुंकले असते.

तरीसुद्धा यातली एकही खूण एकटी घेऊन पैज लावता येत नाही. तंगाला चिडणं खोगिरामुळे असू शकतं, पाठीमुळे असू शकतं. केस राठ होणं जंतामुळे. एक विचारतो, पावसाळ्यानंतर पुढच्या पायांच्या केसांवर खसखशीएवढी पिवळसर अंडी चिकटलेली दिसली होती का? त्या माशीच्या अळ्या पोटात जाऊन भिंतीला चिकटून राहतात. आयव्हरमेक्टिन दिलं आहे म्हणजे तो प्रश्न बहुतेक मिटला असेल, पण सांगा. आणि लिदीत रक्त किंवा काळेपणा शोधत बसू नका. पोटातलं रक्त एवढ्या लांब आतड्यातून जाताना पचून जातं. लीद स्वच्छ आहे यावरून पोट स्वच्छ आहे असं म्हणता येत नाही.

खात्री एकाच गोष्टीने होते, तीन मीटर लांबीची दुर्बीण नाकातून पोटापर्यंत घालून डोळ्यांनी बघणं. त्यासाठी बारा ते सोळा तास उपाशी ठेवतात, गुंगीचं इंजेक्शन देतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

पागेवाले दादा, सोड्याने तात्पुरतं बरं वाटतं हे खरं आहे. तासा-दोन तासांत परिणाम संपतो आणि व्रण तसाच राहतो. मालकाला वाटतं बरं झालं, म्हणून मला सोड्याची जास्त भीती वाटते.

ताई, चार गोष्टी कळवा. मैना दिवसभरात काय, किती आणि किती वाजता खाते? पाणी कधी मिळतं? वजन किती? आणि दिवाळीच्या आसपास तिला कुठलं वेदनाशामक दिलं होतं का? वजनासाठी काटा नको. तंगाच्या जागी छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी मोजून तिने गुणा, आणि ११,८८० ने भागा. किलो मिळतील.

माथेरानची लेक
१५ जानेवारी, रात्री ९:४०

डॉक्टरसाहेब, घेर १५०, लांबी १३८. हिशोब केला तर २६१ किलो येतात.

पहाटे पाचला दोन किलो चंदी, त्यात एक किलो मक्याचा भरडा, बाकी हरभरा आणि कोंडा. सहाला खोगीर चढतं. मग रात्री सातपर्यंत दस्तुरीवर. मधे काहीच नाही. फेऱ्यांच्या मधल्या वेळेत खोगिरासकट उभी असते. पाणी दुपारी एकदा आणि घरी आल्यावर. रात्री परत दोन किलो चंदी आणि गवताची एक पेंढी. गवत खालून वर आणावं लागतं, महाग पडतं, म्हणून ताकदीसाठी दाणा जास्त आणि गवत बेताचं. सगळे असंच करतात. आम्हीही कायम असंच केलं.

पिवळी अंडी होती. ऑक्टोबरमध्ये भावाने वस्तऱ्याने खरवडून काढली होती.

आणि वेदनाशामक दिलं होतं. ऑक्टोबरात डाव्या पुढच्या पायाला दगड लागून सूज आली होती. ओळखीच्या एकाने फिनाइलब्युटाझोनच्या पुड्या दिल्या, एक ग्रॅमची एक, सकाळ-संध्याकाळ. सूज उतरली तरी पाय पक्का होऊ दे म्हणून बारा दिवस दिल्या. सीझन तोंडावर होता. मी स्वतः गुळात कालवून भरवल्या.

घोड्यांचा डॉक्टर
१५ जानेवारी, रात्री १०:३०

२६१ किलोच्या घोडीला दिवसाला दोन ग्रॅम म्हणजे किलोमागे साडेसात मिलिग्रॅमच्या वर. एवढा डोस फार तर पहिल्या दिवशी चालतो, दुसऱ्या दिवसापासून निम्म्यावर यावं लागतं. हे औषध दुखणं कमी करतं तसंच पोटाच्या खालच्या भागातला तो चिकट थर आणि रक्तपुरवठाही कमी करतं. म्हणजे मैनेला वरून एक आणि खालून एक असे दोन प्रकारचे व्रण असू शकतात. पुढे पुन्हा कधी या पुड्या लागल्याच तर डोस वजनावर काढून घ्या, आणि दोन वेगवेगळी वेदनाशामकं एकत्र तर कधीच नाही.

स्वतःला बोल लावू नका. पुडीवर कुणी लिहून दिलं नव्हतं आणि सूज तर खरोखर उतरली होती.

एका वेळच्या चंदीचं बघा. एक किलो मक्यातच सहाशे-साडेसहाशे ग्रॅम स्टार्च आहे, हरभऱ्याचा वेगळा. घोड्याच्या वजनाच्या किलोमागे एका वेळी एक ग्रॅम स्टार्चच्या पुढे जाऊ नये, म्हणजे मैनेला २६० ग्रॅम. आणि पहाटे पाच ते रात्री सात, चौदा तास जबडा बंद. दुर्बिणीआधीच मका बंद करा, दाणा कमी करून तीन-चार वेळांत वाटा, आणि दिवसा गवत तोंडासमोर टांगा. वाळलेलं गवत दिवसाला पाच किलो तरी पोटात गेलं पाहिजे.

निवृत्त दफेदार
१६ जानेवारी, पहाटे ५:५०

पोरी, मी लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमधनं दफेदार म्हणून निवृत्त झालो. गाव साताऱ्याकडं. बावीस वर्षं घोडी नि खेचरं सांभाळली. डॉक्टरसाहेबांनी आतलं सांगितलं, मी बाहेरनं बघायचं सांगतो, कारण जनावर लपवतं.

घोडा हा वाघाच्या तोंडचा घास. कळपात जो दुखणं दाखवील त्याला वाघ आधी उचलतो. म्हणून आपण जवळ गेलो की तो कान टवकारतो, मान उचलतो, शहाण्यासारखा उभा राहतो. तू गोठ्यात शिरलीस की तुला दिसते ती मैना पाव्हण्यासमोरची मैना. खरी मैना बघायची तर रात्री कंदील न लावता, बाजूला कोपऱ्यात पोत्यावर बस. अर्धा तास बोलायचं नाही, हलायचं नाही. मोबाइलपण नाही. दहा-पंधरा मिनिटांनी ती तुला विसरंल. मग बघ.

डोळ्याच्या वरचं मांस ताणून त्रिकोण झाल्यासारखं दिसतं का. नाकपुड्या सैल आहेत का आवळलेल्या. खालचा ओठ लोंबतो का हनुवटीला गोळा आलाय. कान दोन्ही बाजूंना पडलेत का. दात करकर वाजतात का. पोटाकडं किती वेळा बघते ते मोज. सुखी जनावर रात्री एक मागचा पाय सैल सोडून डुलक्या काढतं, ओठ लोंबकळतो. दुखणारं जनावर चारी पायांवर ताठ राहतं. शेपटी दाबून.

दुसरं, घड्याळ लावून चंदी खायचा वेळ वहीत लिही. रोज. आमच्याकडं नव्या सवाराला पहिली शिकवण हीच असायची, की चाल नंतर बघ, आधी तोबरा बघ. चंदीचा वेळ पाच-सात मिनिटांनी वाढला की आम्ही डॉक्टरला कळवायचो. खुणा अंगावर दिसायच्या आधी तोबऱ्यात दिसतात.

पाणी आधी, चंदी नंतर. आणि थोडं थोडं, पुष्कळ वेळा. कामावरनं आल्याआल्या दाणा नाही, आधी मूठभर गवत. आणि काम सुरू करायच्या अर्धा तास आधी पण गवत चारून मगच तंग. रिकाम्या पोटावर तंग कधी आवळू नये. तंग एकदम नाही आवळायचा. एक भोक, दहा पावलं चालव, दुसरं भोक, परत चालव. चावते म्हणून मारू नको. ती सांगतीये.

शहादेकर
१६ जानेवारी, दुपारी १:३०

आमचा अनुभव थोडा वेगळा आहे, पण रोग तोच. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात दोन वर्षांपूर्वी मारवाडी घोडा घेतला. तापीकाठी पाच दिवस उभा होता, काय देखणा, मान मोरासारखी. त्याआधी बिचारा ट्रकमध्ये दोन दिवस उभा राहून आला होता हे नंतर कळलं. घरी आणल्यावर आठ दिवसांत चंदी सोडली. लाकडी कठडा चावायला लागला, हवा गिळायला लागला. लोकांनी सांगितलं, व्यसनी घोडा गळ्यात मारला, गळपट्टा आवळा. आम्ही पट्टा बांधलाही, आणि आता त्याचं वाईट वाटतं. डॉक्टर म्हणाले, लांबचा प्रवास, जागा बदल, एकट्याने कोंडून राहणं, एवढ्यानेसुद्धा चार-पाच दिवसांत पोटात व्रण उठतात. औषध झालं, बाजूला एक शिंगरू सोबतीला बांधलं, दिवसभर चारा मोकळा ठेवला. कठडा चावायची सवय पूर्ण गेली नाही. चंदी मात्र खातो.

माझं एकच सांगणं, मैनेचा जोडीदार घोडा तिच्या नजरेआड बांधू नका.

अकलूजचा सवार
१६ जानेवारी, सायंकाळी ६:१०

मी थोडं उलट बोलतो, राग मानू नये. माझ्या घोडीची लक्षणं हुबेहूब अशीच होती. तंगाला चावायची, पाठ वाकवायची. आम्ही व्रण समजून महिनाभर महागाचं औषध दिलं. शेवटी खोगीर उलटं करून दाबून पाहिलं तर आतलं लाकूड चिरलेलं. बसलं की चिमटा बसत होता. तेव्हा ताई, खोगीर काढून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबत जा. आणि एकदा नुसता पट्टा खोगिराशिवाय आवळून बघा. तेव्हाही चिडली तर पाठ नाही, पोट.

माथेरानची लेक
१८ जानेवारी, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. अकलूजच्या दादांनी सांगितलं तसं केलं. पाठ दाबली तर काही नाही, डोळे मिटून उभी राहिली. नुसता पट्टा आवळला तर कान मागे.

आणि दफेदारकाका, काल रात्री मी गोठ्यात पोत्यावर बसले. वीस मिनिटं तिने काही केलं नाही. मग मान खाली गेली, दात वाजायला लागले. तो आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. पाऊण तासात अकरा वेळा डावीकडे पोटाकडे बघितलं. मी पुढे झाले तर लगेच कान वर, मान वर, माझ्या खिशाशी गूळ हुंगायला आली. मला रडू आलं. भावाला उठवून आणलं, त्यालाही बसवलं. आता घरात कुणी नखरे म्हणत नाही.

पुढच्या सोमवारी खाली उतरतो. दुर्बिणीची वेळ मिळाली आहे.

माथेरानची लेक
५ मार्च, रात्री ९:००

उशिरा लिहिते आहे, पण सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

मैनेला चालवत नेरळला उतरवलं, तिथून टेम्पो. शहादेकरदादांचं वाक्य डोक्यात होतं, म्हणून बादललाही बरोबर घेतलं. टेम्पोत जागा होतीच. बादल आमचा दुसरा घोडा, सात वर्षांचा, खाऊन-पिऊन गुबगुबीत, अंगावर हात फिरवला तर घसरेल असा तकतकीत. रात्री दोघांच्या तोंडाला जाळी बांधली, उपाशी ठेवलं. त्या रात्री मी झोपलेच नाही. ज्या गोष्टीने दुखतं तीच मुद्दाम करायची होती.

सकाळी इंजेक्शन दिल्यावर मैनेची मान खाली आली, ओठ लोंबला. नाकातून नळी गेली. पडद्यावर आधी गुलाबी बोगदा, मग एकदम मोकळी जागा. हवा भरून पोट फुगवतात, तेव्हा सगळं दिसतं. वरचा भाग पांढरट, खालचा लालसर, मधे दुमडलेली एक रेघ, जशी समुद्राची ओहोटीची खूण. त्या रेघेच्या वरच्या अंगाला ओळीने खड्डे. पिवळे, कडा लाल. एक खड्डा माझ्या तळहाताएवढा दिसत होता, डॉक्टर म्हणाले पडद्यावर मोठं दिसतं, पण छोटा नाही. चारपैकी तिसरी पायरी. मग नळी आणखी खाली, पोट जिथे आतड्याला मिळतं तिथे. तिथे लाल, फुगलेले चट्टे. ते पुड्यांचे असावेत असं त्यांचं मत पडलं.

मला एवढंच वाटत होतं, की हे घेऊन ती दिवाळीच्या गर्दीत दिवसाला आठ-आठ फेऱ्या चढली.

मग मी म्हटलं, बादललाही उपाशी ठेवलाच आहे, बघता का? भाऊ नको म्हणत होता, खर्च दुप्पट. बादलच्या पोटातही निघाले. मैनेपेक्षा कमी, दुसऱ्या पायरीचे, पण निघाले. हा घोडा चंदी चाटूनपुसून खातो, तंगाला हूं की चूं करत नाही. त्याच्याकडे बघून कुणी म्हटलं असतं का?

औषध ओमेप्राझोल, ॲसिड दाबणारं. घोड्यासाठीची तयार पेस्ट महाग पडत होती. माणसाच्या वीस मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मोजल्या तर किलोमागे चार मिलिग्रॅमने मैनेला दिवसाला बावन्न लागल्या असत्या. डॉक्टरांनी आमचा खिसा बघून वेगळ्या प्रकारचं, आवरण असलेलं औषध कमी मात्रेत बसवून दिलं. इथल्या कुणी माझं वाचून कॅप्सूल फोडून, कुटून देऊ नये म्हणून मुद्दाम लिहिते. आतल्या बारीक दाण्यांवरचं आवरण फुटलं तर पोटातलं ॲसिडच ते औषध संपवतं, आतड्यापर्यंत पोचत नाही. पहाटे रिकाम्या पोटी औषध, पाऊण तास थांबायचं, मग गवत. खालच्या चट्ट्यांसाठी सुक्राल्फेट वेगळ्या वेळी, दिवसातून दोनदा.

चार आठवडे मैना कामावर नव्हती. रोज फक्त हाताने फिरवत होतो. त्या महिन्यात एका घोड्यावर घर चाललं, तेही अर्ध्या फेऱ्यांवर. बाबांनी एका शब्दाने विचारलं नाही, किती दिवस.

दस्तुरीवर आता झाडाला नारळाच्या काथ्याची जाळी बांधते, त्यात गवत. पहिल्या आठवड्यात लोक हसले, घोड्यांना डबा आणला म्हणून. फेरीहून आल्यावर मैना खोगिरासकट तिथे उभी राहून चावत असते, बादल शेजारी. खाली ओळखीच्या शेतकऱ्याकडून लसूणघास घेऊन वाळवला आहे, कामाआधी अर्धा किलो. त्यातलं कॅल्शियम ॲसिड मारायला मदत करतं असं डॉक्टरांनी सांगितलं. मका पूर्ण बंद. त्याचे पैसे गवतात गेले, वर थोडे जास्तच गेले, पण डॉक्टरांच्या फेऱ्या आणि बुडालेले रविवार धरले तर हिशोब जुळतो. पाण्याची बादली दिवसातून चार वेळा.

वहीतले आकडे लिहिते. १९ जानेवारीला चंदी ५५ मिनिटं, तीन मुठी शिल्लक. ८ फेब्रुवारीला ३० मिनिटं, काही शिल्लक नाही. काल १८ मिनिटं. चंदीही आता पूर्वीपेक्षा कमी असते, तेही धरायला हवं. छातीचा घेर १५४, म्हणजे साधारण २७५ किलो. जांभया थांबल्या. पोटाखालून खरारा फिरवला तर अजून कातडी थरथरते, पण पाय उचलत नाही. तंगाला पहिल्या भोकाला कान जातात, दुसऱ्याला नाही.

२५ फेब्रुवारीला परत दुर्बीण झाली. वरचे खड्डे भरलेत, जागा फक्त जराशी जाड दिसते. खालचे चट्टे अजून आहेत, फिके झालेत. ते हट्टी असतात, आणखी महिना धरा म्हणाले. बादलचं सगळं साफ.

डॉक्टरसाहेब, एक विचारायचं राहिलं. पावसाळ्यात आम्ही घोडे खाली नेरळकडे नेतो, चार महिने मोकळ्या हिरव्या गवतावर असतात. तेव्हा औषध बंद करता येईल का?

घोड्यांचा डॉक्टर
६ मार्च, सकाळी ७:००

ताई, बादलला बघायचं तुम्हाला सुचलं याचा मला फार आनंद झाला.

पावसाळ्यात मोकळी चरत असेल तेव्हा बहुतेक औषधाची गरज पडणार नाही. पण एकदम तोडू नका. चट्टे गेल्याचं दुर्बिणीत दिसलं की दोन आठवड्यांत मात्रा उतरवत आणा, नाहीतर दाबून धरलेलं ॲसिड एकदम उसळतं. खाली नेल्यावर पहिल्याच दिवशी कोवळ्या गवतावर सोडू नका, आठवडाभर वाळलेल्याच्या जोडीने वाढवत न्या. आणि ऑक्टोबरात वर आणाल तो आठवडा सांभाळायचा. जागा बदल, गर्दी, दाणा सुरू, सगळं एकदम येतं. त्या पंधरवड्यात कमी मात्रेत औषध द्यावं लागेल, तेव्हा सप्टेंबर संपता संपता मला कळवा. वही चालू ठेवा.

निवृत्त दफेदार
६ मार्च, सकाळी ७:४०

दुसऱ्या भोकाला कान जात नाहीत म्हणजे तिने तुझ्यावर परत विश्वास टाकला, पोरी. जाळी घोड्याच्या छातीपेक्षा वर बांध, रिकामी झाली की लोंबते नि पुढचा पाय अडकतो. बादलची वही पण वेगळी घाल.